बाहेरची कडी

पाहुणे येणार म्हटलं की या घरात दोन कामं न सांगता व्हायची. धाकटी उशांना धुतलेले अभ्रे घालायची आणि आई शिवणाच्या मशीनला तेल. मशीनचा पाहुण्यांशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. संबंध होता. पाहुणे बसलेले असेपर्यंत आई मागच्या खोलीत रिकामं मशीन चालवायची. सुईत दोरा नाही, खाली कापड नाही. चालवायचं ते थोरल्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

थोरला बत्तीस वर्षांचा होता, स्वमग्न होता, बोलत नसे. आंघोळीपासून जेवणापर्यंत प्रत्येक गोष्टीला त्याला कुणाचा तरी हात लागे, मधूनच फिट येई, गोंगाट सोसला नाही की तो स्वतःचंच मनगट चावे. खुशीत असला की घशातून लांबलचक सूर काढी. घर घाबरायचं ते या सुराला. दारावरची घंटा वाजायच्या आत वडील मायलेकांना मागच्या खोलीत घालत, बाहेरून कडी लावत आणि पाहुण्यांना सांगत, "हिला जरा बरं नाही, पडली आहे." अशी ती बाई वर्षानुवर्षं पडून होती! लेकाला लपवण्यात आपलाही हात आहे, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण पायडलवर पाय ठेवला की विचार करावा लागत नसे.

आज धाकटीला बघायला येणार होते.

"थोरल्यासाठी बघितलेल्या त्या घराला उद्या सकाळी कळवायचंय," बशा पुसता पुसता आई म्हणाली. "एकच खोली रिकामी आहे. एकदा येऊन बघा तरी."

"पोटच्या पोराला बाहेर ठेवायचं? लोक तोंडात शेण घालतील."

"आपल्याला मुलगा आहे हे लोकांना माहीत तरी आहे का?"

"आधी आजचं पार पडू दे," वडील म्हणाले, आणि मायलेकांना आत घालून त्यांनी कडी लावली.

वडील दुष्ट नव्हते. थोरल्याची दाढी तेच करत, गालावर फुंकर घालत, एकही ओरखडा न उठवता. पण चारचौघांत त्यांचा जीव मुठीएवढा व्हायचा.

मागच्या खेपेला याच खोलीत आईला घेरी आली होती. मशीन थांबलं, थोरला किंचाळू लागला, आणि बाहेर वडिलांनी टीव्हीचा आवाज वाढवला. पाहुणे गेल्यावर दार उघडलं तेव्हा ती जमिनीवर होती आणि थोरल्याने शिवायला आलेलं सगळं कापड तिच्या अंगावर पांघरलं होतं. त्या दिवसापासून तिच्या मनाने घेतलं: मी गेल्यावर याचं कोण?

म्हणून ती थोरल्याला घेऊन ते घर बघून आली होती. साधं बैठं घर. थोरल्यासारखे पाचजण, प्रत्येकाची आपली खोली, मदतीला पाळीपाळीने माणसं. एकजण जेवणाच्या टेबलावर सारखा हात आपटत होता. मदतनीस बाईने त्याच्या हाताखाली घडी केलेला टॉवेल सरकवला आणि वाढणं चालू ठेवलं. दार कुणीच लावलं नाही.

रिकाम्या खोलीची कडी आतून होती. थोरल्याने ती दोनतीनदा सरकवून पाहिली आणि आईला बाहेर ठेवून दार लावून घेतलं. ती घाबरून दार वाजवू लागली.

"राहू द्या हो," मदतनीस बाई म्हणाली. "काही झालंच तर मला बाहेरून उघडता येतं. पण त्यांना वाटेल तेव्हा ते उघडतील."

बऱ्याच वेळाने दार उघडलं. थोरला सूर काढत होता. त्याने आईचा हात धरून तिला आत नेलं, आणि तिला रडूच फुटलं.

आता बाहेर कपांचा आवाज येत होता. बघायला आलेल्या मुलाच्या आईने विचारलं, "मुलीला भावंडं किती?"

"एकटीच आहे हो," वडील म्हणाले.

आईचे पाय थांबले. मशीन थांबलं. थोरल्याचा सूर दाराखालून बाहेर गेला.

"हा कसला आवाज?"

"शेजारी काम चाललंय."

"शेजारी नाही," आतून आई म्हणाली. "आमचा मुलगा आहे. दाराला बाहेरून कडी आहे, कुणीतरी काढा."

खुर्ची सरकली. "बस खाली!" वडील दबक्या आवाजात म्हणाले.

"नाही बसत, बाबा," धाकटी म्हणाली. "उद्या जावई घरी आला की आईला पुन्हा आत घालाल?"

आणि तिने कडी काढली.

पाहुण्यांनी थोरल्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. "कळवतो," म्हणाले आणि चहा तसाच टाकून उठले. असं 'कळवतो' म्हणजे काय, हे लहान पोरालाही कळतं.

"झालं समाधान?" वडील गरजले. "मुलीचं वाटोळं केलंस."

"माझं काही वाटोळं झालं नाही," धाकटी कप उचलत म्हणाली. तिचे डोळे मात्र भरले होते.

आईने मशीनच्या खणातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि कडीला लावला. वर्षानुवर्षांच्या रंगाने स्क्रू बुजले होते. दार हलत होतं, कारण थोरला ते आतबाहेर करत होता, सूर काढत, मजेत. अशी बाहेरून लावलेली कडी आपल्या ओळखीच्या किती दारांना असेल, ते ज्याचं त्याने आठवावं.

"अहो, नुसते बघत काय उभे राहिलात? दार धरा."

वडील हलले नाहीत. मग हळूहळू पुढे आले आणि त्यांनी दार धरलं. लेकाच्या हाताशेजारी त्यांचा हात होता.

"उद्या त्या घरी तुम्हीही यायचं," स्क्रू पिळता पिळता ती म्हणाली. "त्याची दाढी कशी करायची, हे त्या माणसांना तुमच्याशिवाय कोण दाखवणार?"