हद्दीपलीकडचा बर्फ

मी नांगर बोलतोय. नाव नांगराचं असलं, तरी ढेकूळ कसं असतं ते मी जन्मात पाहिलेलं नाही. मी बर्फाचा नांगर. ट्रकच्या पुढ्यात बांधलेलं भलंमोठं वाकडं पातं आणि त्यामागचा ट्रक, दोन्ही मिळून मी.

हेग्दाल पालिकेने मला कोरं करकरीत विकत घेतलं, तेव्हा अख्खं गाव मला बघायला आलं होतं. कॉफी झाली, केक झाला, रागनफ्रिड महापौरबाईंचं भाषण झालं. मग किल्ली आइलर्टच्या हातात पडली आणि मी खऱ्या अर्थाने त्याचा झालो. आइलर्ट माणसांशी मोजकंच बोलतो, पण स्टिअरिंगवर बसला की त्याची टकळी थांबत नाही. गावातलं जे काही मला कळतं, ते त्याच्यामुळेच.

हेग्दालचा रस्ता खाडीच्या कडेने जाऊन स्कारविकच्या हद्दीत शिरतो. हद्दीपाशी एकीकडे कडा, दुसरीकडे पाणी. ट्रक वळवायला जागाच नाही. म्हणून आइलर्ट अलीकडच्या मोकळ्या जागेत पातं उचलायचा आणि माघारी फिरायचा. स्कारविकचा नांगरही त्यांच्या बाजूला तेच करायचा. मधे उरलेला तुकडा ते साफ करतात, असं आम्ही समजत होतो आणि आम्ही करतो, असं ते.

खरं तर तो साफ करायचा टोर्मोड. त्या तुकड्यावर एकच घर होतं, ते त्याचं. कुणाला न सांगता तो आपला ट्रॅक्टर काढायचा आणि दोन्ही बाजूंना वाट करून द्यायचा. तो वारला, तेव्हा दोन्ही पालिकांनी फुलं पाठवली. त्याच्याबरोबर काय गेलं, हे मात्र दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात त्याची बायको माग्नहिल्ड घरात अडकली. तिच्या पायाची जखम बांधायला नर्स यायची, ती गाडी माझ्या वळणावर सोडून गुडघाभर बर्फातून चालत जायची. शेवटी पालिकेच्या ऑफिसने कळवलं की हिवाळ्यापुरतं वृद्धाश्रमात राहा. माग्नहिल्ड दुखरा पाय ओढत आमच्या वळणापर्यंत आली आणि तिने आइलर्टला हात दाखवून थांबवलं.

"जरा पुढे येशील का रे?"

"पुढे वळता येत नाही गं."

"मग स्कारविकच्या वळणावरून वळ."

"त्यांच्या हद्दीत पातं टेकवायचं नाही, असं आहे. बिल पाठवतील आपल्याला. आणि खरं सांगू? आधी त्यांनी आपली बँक नेली, मग दवाखाना नेला. आता त्यांचा बर्फही मीच काढू?"

"त्यांचा नाही रे, माझा," ती म्हणाली. "हिवाळ्यापुरतं तिकडे गेलेलं माणूस उन्हाळ्यात घरी परतलेलं पाहिलंयस कधी?"

आइलर्टने काच वर केली आणि मला माघारी वळवलं. घरी जाईपर्यंत तो माझ्याशीही बोलला नाही, तेव्हा मी समजलो की शब्द लागला आहे.

त्याच सुमाराला दोन्ही पालिकांनी मिळून रस्ते साफ करायची एकच व्यवस्था ठेवावी, अशी टूम निघाली. शाळेत सभा भरली. आइलर्ट उठला आणि म्हणाला, "नांगर आपला असला की फोन उचलणारं माणूसही आपलं असतं. स्कारविकला फोन केलात तर आधी विचारतील, हेग्दाल म्हणजे कुठे?" लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्याचं खोटं नव्हतंच. महापौरबाई म्हणाल्या, "आणि नांगर बिघडला तर? गेल्या वर्षी त्याची नळी फुटली, तेव्हा सगळं गाव घरात बसलं होतं, विसरलात?" तेही खरंच होतं. नळी माझीच होती.

एवढ्यावर निकाल लागायला हरकत नव्हती. पण मिळून काम करायचं तर माझ्या दारावर रस्त्यांच्या सेवेचं नाव लिहायचं कसं, यावर गाडी अडली. आमची भाषा एकच, पण ती लिहायच्या तऱ्हा दोन: रस्त्याला आमच्याकडे 'वेग' लिहितात, स्कारविकला 'वेई'. बोलताना एकमेकांचं सगळं कळतं, पण लिहायची वेळ आली की दोन्हीकडची माणसं बाह्या सरसावतात. माणसं बर्फ विसरली आणि त्या अक्षरावर तुटून पडली.

नर्सच्या गाडीतून सभेला आलेली माग्नहिल्ड मागच्या बाकावरून उठली. "वेग लिहा नाहीतर वेई लिहा. मला ते वाचायचं नाही, त्यावरून माझी नर्स यायला हवी आहे. तुमचं अक्षर ठरेपर्यंत माझा पत्ता बदललेला असेल."

मग आइलर्टच पुन्हा उभा राहिला. "डाव्या दारावर आपलं लिहा, उजव्यावर त्यांचं. पण हेग्दालचा फोन वाजेल तो माझ्या खिशात." ते मान्य झालं. अशी माझी दोन दारं दोन तऱ्हांची झाली, आणि मला त्याचा भारी अभिमान आहे.

त्यानंतरच्या पहिल्या बर्फाच्या सकाळी आम्ही नेहमीच्या वळणावर पोहोचलो. आइलर्टचा हात सवयीने पातं उचलायच्या दांड्याकडे गेला. क्षणभर तिथेच राहिला आणि परत आला. पातं खालीच होतं. आम्ही पुढे गेलो.

माग्नहिल्ड दारात उभी होती. "वाट चुकलास की काय?"

"चुकलो होतो. आता लागली."

"बरं, मग हा ढीग माझ्या फाटकासमोर का टाकलास, मेल्या?"

आइलर्ट उतरला आणि फावड्याने ढीग उपसू लागला. शिव्या घालायला हक्काचं माणूस लागतं, हे मला त्या दिवशी पटलं.

पुढे माझी नळी पुन्हा फुटली, तेव्हा स्कारविकची ड्रायव्हर योरुन तिचा नांगर घेऊन हेग्दालला आली आणि तिने आइलर्टच्या दारापर्यंत रस्ता करून दिला. आइलर्टने त्यानंतरही बँकेचा विषय काढला, पण आवाज बराच खाली होता.

आता माझं पातं झिजलंय, तळाला गंज चढलाय. दोन्ही पालिकांनी मिळून नवा नांगर मागवला आहे. मला वाईट वाटत नाही. मला एक गाव मिळालं होतं आणि जाताना दोन गावांचे आभार मानायचे आहेत, हे भाग्य किती नांगरांना लाभतं? नव्या भावाला एवढंच सांगणं आहे की माणसांनी हद्द आखली तरी बर्फ ती पाळत नाही, तेव्हा तूही पाळू नकोस.

माग्नहिल्ड गेल्या हिवाळ्यात गेली, स्वतःच्या पलंगावर, खाडीकडच्या खिडकीपाशी. तिला चर्चकडे नेणाऱ्या गाडीच्या पुढे मी होतो. मागे हेग्दालची माणसं होती आणि स्कारविकचीही. फाटकासमोरचा ढीग आइलर्टने आधीच हातांनी काढून ठेवला होता. हिवाळ्यात तिने घर सोडलं ते शेवटी असं, आणि तिच्यासाठी वाट मोकळी होती.