झांजवालीवरचा दिवा

शेवाळ खोटं बोलत नाही, असं बुरशीबाई सगळ्यांना ठणकावून सांगायच्या. माणसं बोलतात, तज्ज्ञ तर मानधन घेऊन बोलतात. शेवाळ मात्र जिथे ओल आणि उजेड मिळेल तिथेच उगवतं, आणि भिंतीवर तसं साफ दिसतं. ‘बुरशीबाई’ हे नाव जुन्या राजवाड्यातल्या नोकरांनी ठेवलेलं. बाई सूक्ष्मजीवांच्या अभ्यासक. जुन्या दगडी इमारतींना डोळ्यांना न दिसणारे कोणते जीव कुरतडतात ते शोधायचं आणि थांबवायचं, हा त्यांचा उद्योग. बुरशी वेगळी आणि शेवाळ वेगळं, हे त्यांनी पहिल्या आठवड्यात सगळ्यांना समजावून पाहिलं, मग नाद सोडला.

त्यांच्या यजमानांनाही तिथे नाव मिळालेलं होतं. उजेडराव. नाटकांची प्रकाशयोजना करण्यात त्यांची हयात गेली, आणि उतारवयात राजवाड्याच्या तळघराचं काम अंगावर आलं. तळघराच्या भिंतीवर दगडात कोरलेल्या वादकांची रांग होती. लोक खाली उतरायचे, ‘गार आहे हो फार’ म्हणायचे आणि वर यायचे. उजेडरावांनी रांगेच्या शेवटच्या बाईवर एकच दिवा असा तिरपा टाकला, की दोन्ही हातांत झांजा घेतलेली ती बाई दगडातून अर्धी बाहेर आल्यासारखी दिसू लागली. तेव्हापासून झांजवालीसाठी जिन्यात रांग लागायला लागली. उजेडराव कधीकधी उगाचच त्या रांगेत उभे राहून लोक काय बोलतात ते ऐकायचे.

मग झांजवालीच्या हनुवटीवर हिरवं दिसलं. राजवाड्याच्या व्यवस्थापकांनी बुरशीबाईंना बोलावलं. नवऱ्याचा पसारा बायकोने आवरायचा, यात बाईंना नवीन काही नव्हतं. त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि जागच्या जागी निदान केलं. तळघरात ओल पहिल्यापासून होती, उजेड तेवढा नव्हता. तो मिळाला आणि पाहुणे मुक्कामालाच आले. ओल लागली की फुगायचं, सुकलं की आक्रसायचं, आणि दर खेपेला दगडाचा एखादा कण सैल करायचा. सगळं इतकं सावकाश, की कुणाला पत्ता लागत नाही आणि एक दिवस नाकाचं टोक जागेवर नसतं.

बाईंनी उपाय सांगितला. चेहऱ्याला औषधाचा लेप, आणि दिवा पूर्ण बंद.

“माझा दिवा लावलेला असतो म्हणून भिंत सुकते,” त्या दिवशी जेवताना उजेडराव म्हणाले. “ओले कपडे आपण उन्हात घालतो की कपाटात ठेवतो?”

“कपड्यांना शेवाळ धरत नाही, कारण ते वेळेवर उचलले जातात. म्हणजे मी उचलते.”

“तुझं आपलं काहीतरीच.”

“अहो, वाळवंटातली भिंत आहे का ती? तुमच्या एका दिव्याने तळघराची ओल हटायची नाही. फक्त शेवाळाची सोय होईल.”

उजेडरावांनी ताट पुढे सरकवलं. “बरं बाई. बंद तर बंद.”

नवरा इतक्या सहज ऐकतो म्हटल्यावर बाईंना खरं तर तेव्हाच शंका यायला हवी होती. पण आपण बरोबर आहोत याची त्यांना इतकी खात्री होती, की त्यांनी विषय मिटला असं धरलं. शिवाय उजेडराव त्याच आठवड्यापासून सकाळ-संध्याकाळ नेमाने फिरायला जाऊ लागले. डॉक्टर वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडत होते तेव्हा हे हलले नव्हते. बाई लेकीला फोनवर कौतुकाने म्हणाल्या, “तुझे बाबा सुधारले गं.”

आणि शेवाळ मात्र वाढत होतं. लेप काढावा तर काठाने कोवळं हिरवं डोकावलेलं असायचं, पुन्हा लेप लावावा तर भोवतीच्या कोऱ्या दगडावर पसरायचं. आधी कधी धरलं नव्हतं इतक्या जोमाने धरत होतं.

व्यवस्थापक एक दिवस खाली उतरले आणि त्यांनी लेपाभोवतीचं हिरवं जवळून पाहिलं. माणूस वाईट नव्हता, पण त्यालाही वर उत्तरं द्यायची होती.

“मॅडम, तुमचा मान राखून सांगतो. महिनाअखेर पाहणी आहे. तोवर हे गेलं नाही तर मी पाण्याचा फवारा मारणारी मंडळी बोलावणार. अर्ध्या दिवसात भिंत चकाचक करून देतात.”

“देतील. चेहरासुद्धा धुऊन देतील. आतून दगड सैल झालाय, फवाऱ्याखाली तो राहायचा नाही.”

“मग तुमचं औषध का लागू पडत नाही?”

“शोधते,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुन्हा भिंगाला डोळा लावला.  फवारा आला तर झांजवाली जाणार होती, आणि तीही त्यांच्या हातून. 

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंग खिशात घातलं, स्टूल पार समोरच्या भिंतीपाशी नेऊन टाकलं आणि लांबून बघत बसल्या. चेहरा पांढऱ्या लेपाखाली झाकलेला होता. भोवतीचं हिरवं तेवढं दिसत होतं. त्याला आकार होता. तीन बाजू सुतात आखल्यासारख्या सरळ, आणि चौथ्या बाजूला, झांजवालीच्या डाव्या खांद्याच्या वर, जिभेसारखा एक हिरवा तुकडा बाहेर आलेला.

ती जीभ बाईंच्या ओळखीची होती. लेक लहान असताना तिने बाबांच्या नाटकातला जुना दिवा दोरी बांधून गाडीसारखा जिन्यावरून ओढला होता. दिव्याच्या तोंडाशी उजेडाची कड आखणाऱ्या पत्र्याच्या चार झडपा होत्या, त्यांतल्या एकीचा कोपरा वाकला. उजेडरावांनी तो कधी सरळ केला नाही. पोरीची सही आहे म्हणायचे. घरात तो दिवा कुठल्याही भिंतीवर लावला, की चौकोनाला डावीकडे अशीच जीभ यायची.

बाई तडक घरी गेल्या, खुर्चीवर चढून माळा पाहिला. दिव्याच्या जागी धूळ नसलेला चौकोन होता.

सकाळी उजेडराव बूट घालू लागले, तेव्हा बाई चप्पल घालून दारात तयार होत्या.

“मीही येते फिरायला.”

“तू? अगं, तुझे गुडघे—”

“गुडघ्यांचं मी बघते. चला.”

 वाटेत काय काय सुनवायचं ते बाईंनी चौकाचौकात पक्कं करत आणलं होतं. त्या थेट राजवाड्याच्या मागच्या दाराशी येऊन थांबल्या. दिव्याच्या कामापासूनची तिथली किल्ली उजेडरावांच्या खिशात होती. ती त्यांनी मुकाट काढली. तळघरात दिवा जळत होता. लेप लावलेल्या झांजवालीवर, रात्रभर, एकटाच. माळ्यावरचाच तो, संध्याकाळच्या फेरीत लावलेला आणि सकाळच्या फेरीत विझवून लपवायचा.

“तो व्यवस्थापक तुला पहिल्यापासून काहीबाही बोलत होता,” उजेडराव बाईंकडे न बघता म्हणाले. “म्हटलं, भिंत एकदा सुकली की तुझं औषध लागू पडेल. तुला कळायचंही नाही. काम तुझ्या नावावर झालं असतं.”

बाईंनी चौकाचौकात जमवलेलं सगळं तिथल्या तिथे विरलं. त्यांनी फक्त तो दिवा बंद केला, वरचा साधा बल्ब लावला आणि नवऱ्याला हाताला धरून समोरच्या भिंतीपाशी नेलं.

उजेडराव बघत राहिले. उजेडाची कड वाचणं हेच त्यांनी जन्मभर केलं होतं. त्यांना फार वेळ लागला नाही. मग त्यांची नजर त्या जिभेवर थांबली.

“ही पोरीची झडप,” ते म्हणाले. “म्हणजे हे मी केलं?”

“हो,” बाई म्हणाल्या. खोटा दिलासा देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पण हात सोडला नाही.

व्यवस्थापकांकडे त्या त्याच पावली गेल्या. “कारण सापडलं. एक दिवा रात्रीचा चालू राहत होता. कुणाचा ते माझ्या घरचं प्रकरण आहे, मी निस्तरलंय. आता तळघर बंद, अंधार, आणि माझा लेप. फवारा आणलात तर आधी मला धुवावं लागेल.” व्यवस्थापकांनी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पाहणीची तारीख पुढे ढकलली.

शेवाळाने बाईंचा शब्द राखला. अंधारात ते आधी पिवळं पडलं, मग त्याचे पापुद्रे सुटले आणि मऊ कुंचल्याने झटकताच खाली आले. चेहरा शाबूत होता. वादकांची रांग आता लोकांना वरच्या दालनात चित्रांतून दाखवायची आणि तळघर मिटलेलं ठेवायचं, असं ठरलं. भिंतीवरचा दिवा काढायला उजेडराव स्वतः आले. माणूस पाठवतो म्हणाले असते तरी बाईंनी हरकत घेतली नसती.

त्यांनी दिवा उतरवला, तार गुंडाळली. बाईंनी बॅटरी पुढे केली. “शेवटचं बघून घ्या. एवढ्याने काही होत नाही.”

“नको,” उजेडराव म्हणाले. “पाठ आहे ती मला. श्वास रोखलाय बघ तिने. बाकीचे वाजवताहेत, हिची वेळ अजून यायचीय. झांजा उघड्या धरून ती मात्रा मोजत उभी आहे.”

 इतके महिने बाईंनी हनुवटी पाहिली होती, नाकपुडीची डावी कड पाहिली होती, ओठांवरचं एकेक रंध्र भिंगाखाली मोजलं होतं. ती बाई काय करतेय, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली, आणि एक हावही सुटली.

“अहो,” त्या म्हणाल्या, “मला दाखवा ना.”

उजेडरावांनी बॅटरी घेतली. हात लांब केला, थोडा खाली नेला, किंचित वळवला, आणि मग लावली. झांजवाली दगडातून अर्धी बाहेर आली, श्वास रोखून.

बाईंनी पोटभर बघून घेतलं. मग त्यांनीच “बस” म्हटलं, आणि उजेडरावांनी बॅटरी विझवली.