नोएलीनच्या दोन बादल्या

"ऑब्री, पातेलं गरम का रे?" नोएलीनने विचारलं. चर्चमधली गाण्याची तालीम आज लवकर सुटली होती.

"चहा केला."

"पातेल्यात?"

"किटली धुवायची होती."

चाळीस वर्षं न्यूझीलंडच्या ओमारू गावात टपाल वाटलं, पण धड खोटं बोलायला काही शिकलो नाही.

बागेचं घर विकून आम्ही या दोन खोल्यांत आलो, तेव्हा सून जिलियन म्हणाली होती, "आई, आता राहू द्या. नाताळचे नवे बटाटे मी विकत आणते."

"माझ्या ताटात विकतचा बटाटा? मी मेल्यावर वाढ!"

आमच्याकडे नाताळ भर उन्हाळ्यात येतो, आणि बेचाळीस वर्षं त्या जेवणात बटाटे नोएलीनचेच. तिने माझ्याकडून दोन बादल्यांना भोकं पाडून घेतली, सप्टेंबरात मोड आलेले बटाटे लावले, रोप वाढेल तशी वर माती चढवली. गुडघे धरून रोज त्यांच्याशी बोलायची. माझ्याशीही इतकं बोलत नाही.

आणि मी? मातीत बोटं घालायची, खोड न हलवता बटाटा चाचपून काढायचा, माती सारखी करायची. वर रोप डुलत राहतं, त्याला पत्ताच नाही. ही विद्या आमच्याकडे पोरं शेजाऱ्याच्या वाफ्यावर शिकतात. चाखायला म्हणून एकच काढून उकडला. लोणी, मीठ, पुदिना. मग दर मंगळवारी, दर शुक्रवारी, तिच्या तालमीच्या वेळी.

चोवीस तारखेला बोटांना नुसत्या मुळ्या लागल्या. हमरस्त्याकडेला शेतकरी विकायला मांडतात त्या फळीवरून पिशवीभर बटाटे आणले आणि नाताळच्या सकाळी ती आंघोळीला गेल्यावर बादल्यांत पुरले.

दुपारी सगळ्यांच्या देखत तिने बादल्या उपड्या केल्या. बटाटे गडगडत फरशीभर पसरले.

"अगंबाई, केवढे!" जिलियन ओरडली.

नोएलीनने दरवर्षीप्रमाणे एक उचलून अंगठ्याने घासला. नुकत्याच काढलेल्या बटाट्याची साल तेवढ्यानेच निघते. फळीवर तीन दिवस ऊन खाल्लेल्याची नाही. तिने पुन्हा घासला. मग माझ्याकडे पाहिलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"यंदा सालीसकटच उकडू या," ती जिलियनला म्हणाली. "तब्येतीला चांगलं असतं."

सगळ्यांनी बोटं चाटली. नोएलीननेही तीन खाल्ले, शांतपणे. मी मात्र ताटातला एकच चिवडत बसलो.

मंडळी गेल्यावर मी भांडी घासायला उभा राहिलो. ती शेजारी पुसायला.

"पुढच्या वर्षी तीन बादल्या," ती म्हणाली. "तिसरी तुझी. माझ्या दोन्हींना हात लावलास तर बोटं तोडीन."

"नोएलीन, मी..."

"गप. आणि पातेलं नीट घासत जा. पुदिना चिकटलेला असतो."

म्हणजे हिला कधीपासून ठाऊक होतं! लाज वाटली, आणि तिच्यावर इतकं प्रेम दाटून आलं की तेच पातेलं मी दोनदा घासलं.

तिने एप्रनच्या खिशातून सुपारीएवढा बटाटा काढला. मुळ्यांत अडकलेला, बादलीतला खरा तेवढा एकच. अंगठा फिरवला तशी साल सुळकन निघाली. तिने तो उकडला, वर मीठ भुरभुरलं, कापून दोन तुकडे केले.

मोठा तिने खाल्ला.