एकाच नावाचे दोन विद्यार्थी

मी परंड्याच्या नागसेनरावांचा मोबाईल बोलतोय. दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडं पोचवतो. आज म्हटलं, थोडं स्वतःचंही बोलून घ्यावं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. डोळे उघडले ते धाराशिवच्या एका दुकानात, काचेच्या कपाटात. तिथून नागसेनरावांनी मला खिशात घातलं आणि एसटीनं घरी आणलं. घरात असा मोबाईल मी एकटाच, त्यामुळं मी सगळ्यांचाच झालो. सकाळी मालकीणबाई क्षमाताई माझ्यावरून माहेरच्यांशी बोलतात, तेही कणकेच्या हातानं. एकदा तर आमटीत पडता पडता वाचलोय.

नागसेनराव गावात पाणी सोडायचं काम करतात. व्हॉल्व्ह फिरवायचा, तासभर बसायचं, बंद करायचा, पुढच्या गल्लीत जायचं. माणूस लई चांगला, खोड तेवढी एकच. लेकीसमोर ताठ बसून म्हणायचे, "गणितात आमच्या वर्गात मीच पहिला!" सहावीतल्या श्रावस्तीला ते खरं वाटायचं. खरं सांगू? मलाही वाटायचं.

गेल्या वर्षी तिच्या शाळेतल्या महेश्वरी मॅडमनी सगळ्या पालकांच्या मोबाईलमध्ये गणिताचा एआय मास्तर घातला. तसा तो माझ्याही पोटात येऊन बसला. मास्तर भलताच चिवट! उत्तर म्हणून सांगायचा नाही. "तुला काय वाटतं, श्रावस्ती?" असं उलट तिलाच विचारायचा. पोरगी वैतागायची आणि मला घेऊन बापाकडं जायची.

"पप्पा, ह्यो नुसतंच विचारतोय. तुमी सांगा की!"

"लई सोपं हाय ते. पर आता ड्युटी हाय, संध्याकाळी सांगतो."

संध्याकाळी त्यांना हमखास दुसरं काम निघायचं. कधी पाइप फुटायचा, कधी डोकं दुखायचं. एका आठवड्यात परंड्यात जेवढे पाइप फुटले नसतील, तेवढे नागसेनरावांनी घरबसल्या फोडले.

आणि एक दिवस, किल्ल्याकडच्या व्हॉल्व्हपाशी बसल्या बसल्या, त्यांनी इकडं तिकडं पाहिलं आणि मास्तरला उघडलं. दोन बोटांनी दाबत दाबत लिहिलं, "मला गणित येत नाही. कुणाला सांगू नका." मास्तर म्हणाला, "काही हरकत नाही, श्रावस्ती. आपण पहिल्यापासून सुरू करू."

नाव बदलायचं त्यांना सुचलंच नाही. माझ्यात एकच नाव होतं, तेच चाललं.

पहिलंच गणित नळाचं आलं. एका नळानं टाकी चार तासांत भरते, दुसऱ्यानं सहा तासांत. दोन्ही एकदम सोडले तर किती वेळ लागेल? नागसेनरावांनी ठोकून दिलं, दहा तास! मास्तरनं विचारलं, "दोन नळ सोडले तर वेळ वाढेल की कमी होईल?" पंधरा वर्षं पाणी सोडणारा माणूस तो! जीभ चावली आणि कुणी बघितलं तर नाही ना म्हणून मागं वळून पाहिलं. पण हटले नाहीत. रोज बसले. अपूर्णांक जमायला लागले, तसा मास्तर म्हणायला लागला, "शाब्बास श्रावस्ती, हुशार मुलगी आहेस!" आणि आमचे मालक मिशीतल्या मिशीत लाजायचे. त्या नादात एका गल्लीत तीन तास पाणी चालू राहिलं. बायकांनी पिंपं भरली, अंगणं धुतली, शेवटी गाड्यासुद्धा धुतल्या. तक्रार कुणीच केली नाही.

गडबड झाली ती घरात. संध्याकाळी श्रावस्ती मास्तरला उघडायची, तर तो थेट पुढचा धडा काढायचा. "हे तर तुला काल छान आलं होतं, श्रावस्ती. आठव बरं." ती आठवत बसायची. वही कोरीच राहायची.

त्यात मास्तरनं मॅडमना कळवलं की अपूर्णांकात श्रावस्ती सगळ्यांच्या पुढं आहे. मॅडमनी कौतुकानं तिला फळ्यापाशी बोलावलं आणि नेमकं ते नळाचं गणित घातलं. पोरगी खडू धरून नुसती उभी राहिली.

घरी येऊन तिनं दप्तर टाकलं आणि आईच्या कुशीत शिरून रडायला लागली. "मम्मी, माझ्या डोक्याला कायतरी झालंय. सगळे म्हणतात मला येत होतं. मला आठवतच न्हाय गं! मी आता शाळंतच जाणार न्हाय."

क्षमाताईंनी कपाळाला हात लावून ताप पाहिला. दारात नागसेनराव उभे होते. मी त्यांच्या शर्टाच्या खिशात, काळजाला लागून. ते असं धडधडत होतं, की मला वाटलं माझ्यावरच कुणाचा तरी फोन आलाय.

"श्रावे, तुझ्या डोक्याला काय झालं न्हाय. ती गणितं म्या सोडवलीत."

"तुमी? पण तुमी तर पहिले होता ना?"

"न्हाय. दहावीला गणितातच नापास झालतो. परत बसलोच न्हाय. तुझ्यासमोर उगं मोठेपणा केला. आन तू विचारल्यावर सांगता यावं म्हणून चोरून शिकत होतो."

तुम्हाला वाटेल, पोरीनं बापाच्या गळ्यात हात टाकले. छे! दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. नागसेनराव स्वतः शाळेत गेले आणि मॅडमना खरं काय ते सांगून आले. मॅडमना आधी हसू आलं, मग त्यांनी माझ्यात दुसरं नाव घालून दिलं. तिसऱ्या दिवशी श्रावस्ती वही घेऊन बापाशेजारी बसली. अजून फुरंगटलेलीच होती. "नळाचं कसं केलं, दाखवा."

त्यांनी दाखवलं. एका तासात पहिला नळ टाकीचा चौथा हिस्सा भरतो, दुसरा सहावा हिस्सा, आणि पुढचं सगळं. तिला कळलं. मला तर वाटलं मास्तरपेक्षा बरं कळलं, पण हे मास्तरला सांगू नका, माझ्याच पोटात राहतो तो.

पुढं मास्तरनं नव्या विद्यार्थ्याला विचारलं, "नागसेन, तू कितवीत आहेस?" बाप विचार करत बसला, तोवर लेकीनं लिहून टाकलं, "दहावीत." आणि दहावीला बाहेरून बसायचा फॉर्म भरायलाच लावला.

आज त्यांचा गणिताचा पेपर. लेकीहून थोड्याच मोठ्या पोरांच्या रांगेत हा मिशीवाला माणूस पट्टी आणि दोन पेनं घेऊन उभा होता. मोबाईल आत नेता येत नाही, म्हणून त्यांनी मला श्रावस्तीकडं दिलं.

"घाबरू नका, पप्पा. आधी सोपी सोडवा."

मी आता तिच्या हातात, गेटाबाहेर आहे. मगाशी मास्तरनं विचारलं, "नागसेन, आज सराव करायचा का?" तिनं लिहिलं, "ते आत गेलेत. एकटेच."

माझी बॅटरी संपत आलीय, तेवढ्यात एक विनंती करतो. तुमच्या घरात कुणी मोठं माणूस पोराच्या नावाखाली चोरून शिकत असेल, तर त्याची टिंगल करू नका. त्याचं स्वतःचं नाव घाला आणि शिकू द्या.

शेवटची घंटा व्हायला पाच मिनिटं आहेत. बरीच पोरं पेपर देऊन बाहेर आली. श्रावस्ती गेटाच्या गजाला धरून टाचा उंचावून बघतेय. तिला खिडकीतून वर्ग दिसतो. नागसेनराव अजून लिहितायत.