हिरवा वाडगा नक्की कुणाचा

फेलिक्स टाउसिगने चाळीस वर्षं किरणोत्सारावर लिहिलं आणि त्या चाळीस वर्षांत युरेनियमच्या एकाही अणूने त्याच्याकडे तक्रार केली नाही. निवृत्तीनंतर त्याने आपल्या घराण्याचा इतिहास लिहायला घेतला, तर पहिल्याच आठवड्यात दोन्ही बहिणींचे फोन आले.

दोष त्याचाच होता. प्रयोगशाळेत हयात घालवलेला माणूस, त्याला आकडा दिसला की पुढे ‘इतकं कमी किंवा जास्त’ लिहिल्याशिवाय चैन पडत नसे. थोरल्या ग्रेटेचं वय त्याने लिहिलं, एकोणऐंशी, दोन वर्षं कमी किंवा जास्त. कारण काय, तर तिचा जन्मदाखला प्रागमध्येच राहिला होता. ‘कमी’ला ग्रेटेची हरकत नव्हती, ‘जास्त’वर मात्र ती तीन दिवस बोलत होती. रुडॉल्फमामाच्या नावापुढे त्याने ‘अस्थिर’ असा शेरा मारला होता. मामाची चार लग्नं पाहता त्यात खोटं काही नव्हतं, पण चौथी मामी अजून ठणठणीत होती आणि तिला वाचता येत होतं.

हे सगळं निभावलं असतं. अडलं होतं ते आजीच्या प्रकरणापाशी. फेलिक्स मँचेस्टरमध्ये जन्मला, म्हणून हर्मिनेआजी त्याने पाहिलीच नाही. ती हसायची कशी, रागवायची कशी, काहीच ठाऊक नाही. सत्तरी ओलांडली तरी ही गोष्ट त्याला लागून राहिली होती. आजीने प्रागहून पाठवलेली पत्रं होती, पण आई गेल्यावर ती दोघी बहिणींनी निम्मी निम्मी वाटून घेतली होती. जुन्या वळणाच्या जर्मन अक्षरातली ती पत्रं दोघींपैकी एकीलाही वाचता येत नव्हती. फेलिक्सने खास त्यासाठी ते वळण शिकून घेतलं, तरी पत्रं मिळेनात. दोघींची अट एकच होती. खरा वाडगा माझा आहे, असं आधी छाप.

वाडग्याची कथा अशी. एकोणीसशे एकोणचाळीसच्या मार्चमध्ये आई दोन्ही मुलींना घेऊन प्रागहून निघाली, तेव्हा आजीने पेटीत एक हिरव्या काचेचा वाडगा कोंबला. ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या जेवणात सफरचंद-अक्रोडाचं गोड वाटण ठेवायचा. मँचेस्टरला पोचल्यावर दोघी मुली त्यावरून इतक्या भांडल्या, की एके सकाळी टेबलावर दोन हिरवे वाडगे दिसले. दुसरा आईने बाजारातून आणला होता. खरा कोणता, ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. तेव्हापासून वल्हांडणाच्या टेबलावर या दोघी एकमेकींशी थेट बोलत नसत. मीठसुद्धा फेलिक्समार्फत मागत.

यंदा मात्र फेलिक्सला युक्ती सुचली. बोहेमियातल्या जुन्या हिरव्या काचेत बरेचदा थोडं युरेनियम घालत. तेव्हा आजीचा वाडगा किरणोत्सार मोजायच्या यंत्रापुढे टकटकणार आणि बाजारातला गप्प बसणार. आपल्या दोन्ही लेखनांचा अखेर कुठेतरी मेळ बसतोय, या विचाराने तो दोन दिवस शीळ घालत फिरत होता.

सणाच्या दिवशी त्याने बहिणींना दुपारीच बोलावलं. सूर्य बुडाला की सण लागणार, मग यंत्राचं बटण दाबायचं नाही की पेन हातात धरायचं नाही. वल्हांडणाची भांडी वर्षातून आठच दिवस लागतात, म्हणून सगळ्यांची मिळून त्याच्याच माळ्यावर एका खोक्यात असत. त्यातून त्याने दोन्ही वाडगे काढून टेबलावर मांडले.

“आधी पत्रं, मग यंत्र,” तो म्हणाला.

 दोन्ही पर्स उघडल्या आणि दोन गठ्ठे टेबलावर आले.

उजवा वाडगा मुका निघाला. डाव्यापाशी यंत्र नेलं आणि ते गरम तव्यावर मोहरी टाकावी तसं तडतडू लागलं.

“हाच माझा,” दोघी एकदम म्हणाल्या.

फेलिक्सने वाडगा पालथा केला. ग्रेटेच्या वाडग्याखाली नखपॉलिशचा लाल ठिपका असायचा, धाकट्या लोटेच्या वाडग्याखाली कागदी चिठ्ठी. आता दोन्हींखाली लख्ख काच होती. आणि फेलिक्सला आठवलं, गेल्या वर्षी मोठ्या उत्साहाने त्यानेच ते सोडा घालून उकळून काढले होते.

मग जे व्हायचं ते झालं. ग्रेटेने फेलिक्सला सांगितलं, तुझ्या बहिणीला सांग, माझा नेहमी डावीकडे असतो. लोटेने फेलिक्सला सांगितलं, तुझ्या बहिणीला विचार, कुणाच्या डावीकडे. मध्येच लोटेला दुसरीच शंका आली.

“म्हणजे सत्तर वर्षं आपण विषातून खातोय?”

“अगं, त्याहून जास्त किरणोत्सार केळ्यांतून पोटात जात असेल,” फेलिक्स म्हणाला.

“केळी नेहमी हीच आणते,” ग्रेटे भिंतीकडे बघून म्हणाली.

फेलिक्सने नाद सोडला. चष्मा लावला आणि पत्रं तारखेवार लावायला घेतली. फार नव्हतीच. एकोणचाळीसच्या उन्हाळ्यानंतर ती थांबली होती, आणि का थांबली हे या घरात कुणी कुणाला विचारत नसे. जूनच्या एका पत्रावर तो अडला. पुन्हा वाचलं. मग म्हणाला, “गप्प बसा दोघी. हे ऐका.”



“‘वाडग्याचं काय ते उलट टपाली कळव. घाईत मी शेजारच्या उटित्झबाईंचा दिला, आपला फडताळातच राहिला. त्या जिन्यात भेटल्या की रोज विचारतात, आणि मी रोज सांगते, मुलींनी अजून धुतला नाहीये. पुढच्या वल्हांडणाला परत याल तेव्हा आठवणीने आण. आणि दोघींना एकदम हात लावू देऊ नकोस, भांडतील.’”

यंत्र तेवढं अधूनमधून टकटकत होतं.

“मला वाटतंच होतं,” शेवटी लोटे म्हणाली. “माझा तो मुका.”

“माझ्यावर ढकलू नकोस म्हणावं तिला,” ग्रेटे म्हणाली. “मुका माझा. दुसऱ्याची वस्तू ठेवून घ्यायची सवय माझी नाही.”

आता टकटकणारा वाडगा कुणालाच नको होता. फेलिक्सला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं ते त्याने पुसलंही नाही. आजी रागवायची कशी, ते त्याला कळलं होतं. शेजारणीला थापा मारायची, तेही कळलं. कोरं प्रकरण भरलं होतं, आणि सूर्य खिडकीच्या खाली गेला होता. यंत्र बंद करून त्याने पेनही खणात टाकलं. सण संपेपर्यंत हे सगळं ध्यानात ठेवायचं होतं, पण विसरण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मेणबत्त्या लागल्या. वाटण तयार होतं, पण ते ठेवायचं कशात? लोटे थोडा वेळ दोन्हींकडे बघत राहिली, मग तिने उटित्झबाईंचाच वाडगा उचलला.

“लोटे,” ग्रेटे म्हणाली, आणि या वेळी ती फेलिक्सकडे बघत नव्हती. “दोन्ही हातांनी धर. परत द्यायचाय तो.”

“माहितेय मला,” लोटे म्हणाली आणि तिने दुसरा हातही लावला.