चौथ्या फुग्यापाशी

शामलाने एकदा मनावर घेतलं की घेतलं. मग मध्ये कोण आडवं येतंय याची ती चौकशीसुद्धा करत नाही. गेल्या वर्षी तलावातल्या चौथ्या फुग्यापाशी पडून तिच्या खांद्याचं हाड मोडलं आणि अख्खा उन्हाळा हात गळ्यात बांधून काढावा लागला. खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीतले एकूण एक जण तेव्हा येऊन शहाणपण शिकवून गेले. त्रेचाळीस वर्षांच्या बाईने एका फळीवर उभं राहून बोटीमागे फरफटत जायचं म्हणजे काय! शामला सगळ्यांना चहा पाजायची आणि शांतपणे म्हणायची, "अजून तीन फुगे राहिले ना माहे."

तसा खेळ समजायला सोपा आहे. बोट मधून सरळ, एका वेगाने जाते. मागे दोर धरून माणूस एकाच स्कीवर, म्हणजे त्या फळीवर, उभा असतो. तीन फुगे उजवीकडे, तीन डावीकडे, पाण्यात नांगरून ठेवलेले. बोटीमागची लाट कापत एकदा इकडे, एकदा तिकडे जायचं आणि प्रत्येक फुग्याला बाहेरून वळसा घालायचा. सहाही वळसे न पडता झाले की जिंकलं. समोर कोणी नसतं, बक्षीस नसतं. तरी माणसं या सहा फुग्यांपायी वेडी होतात, त्याला काय करणार?

मिहानच्या औद्योगिक वसाहतीत विमानांच्या दुरुस्तीवर असलेल्या एका इंजिनिअरने हौसेखातर गावापलीकडच्या तलावावर हा कारभार सुरू केला होता. त्याची बदली झाली, तो गेला, पण बोट आणि फुगे इथेच राहिले. शामला शाळेत पोहणं शिकवते, त्यामुळे पाण्याला ती भीत नव्हतीच. तिचे यजमान आनंदराव वीज केंद्रात बॉयलरच्या कंट्रोल रूममध्ये असतात, इंजिन दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात. बोट त्यांच्या ताब्यात आली आणि नवराबायकोचे रविवार ठरून गेले.

हाड मोडल्यावर मात्र आनंदराव अडून बसले होते. शेवटी तिनेच अट घातली. कालव्याला पाणी सुटेपर्यंत प्रयत्न करायचा. तोवर सहा फुगे झाले नाहीत, तर फळी माळ्यावर टाकायची, कायमची. गव्हाच्या शेवटच्या पाण्यासाठी कालवा सोडला की तलाव उतरतो आणि फुग्यांखालचे दगड वर येतात. यंदा कालवा उद्या सुटणार होता.

म्हणून त्या रविवारी उजाडताच सगळे तलावावर हजर होते. बोट नीट लावण्यातच अर्धं यश असतं असं शामलाचं ठाम मत आहे. आधी तळाचं बूच. ते एकदा विसरलं होतं आणि सासूबाईंचा डबा पाण्यावर तरंगला होता, तेव्हापासून ती ते दोनदा पिळून बघते. मग वजन. बोट हलकी आणि समतोल असली तर मागची लाट बसकी राहते. चालवणारा उजवीकडे बसतो, म्हणून इंदूबाई, म्हणजे सासूबाई, डावीकडे, मागे तोंड करून. शामलावर नजर ठेवायचं काम त्यांचं. नऊवारीवर केशरी लाइफ जॅकेट चढवून त्या अगदी फौजदारासारख्या बसत.

"आई, डबा खाली ठेवा. पाण्याची कॅन बी."

"डब्याचं काय वं वजन? झुनका-भाकर तं आहे."

"मंग काठावर बसून बी ते झुनका-भाकरच राहीन. द्या इकडे."

डबा पायलकडे गेला. पायल त्यांची मुलगी, कॉलेजात शिकते. तिला काठावरून मोबाईलवर शूटिंग करायचं होतं.

शामलाने दोर हातातून सरकवत कुठे झिजला आहे का ते पाहिलं आणि बोटीच्या मधल्या लोखंडी खांबाला अडकवला. राहिला आरसा. चालवणाऱ्यासमोरच्या काचेवरचा हा आरसा आनंदरावांनी त्या अपघातानंतर मुद्दाम मोठा आणून बसवला होता. रुमालाने तो पुसून, इकडेतिकडे वळवून, त्यात मागचं सगळं पाणी दिसायला लागलं तेव्हाच त्यांनी इंजिन सुरू केलं.

पहिली फेरी झकास सुटली. पहिला फुगा झाला, दुसरा झाला, तिसऱ्याला तिने इतका सुरेख वळसा घेतला की इंदूबाईंनी मान डोलावली. चौथ्याकडे झेपावताना मात्र हातातला दोर अचानक ढिला पडला. मग हिसका बसला आणि शामला तोंडावर आपटली.

"गुडघा वाकत नाई तुहा," बोट वळवून आणत आनंदराव म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं. "सालभर सांगून राहिलो."

सालभर शामलाही तेच मानत आली होती. त्या गुडघ्यासाठी ती रोज गच्चीवर उठाबशा काढायची, पायऱ्या चढायची. दुसऱ्या फेरीला तिने गुडघे इतके वाकवले की मांड्या थरथरायला लागल्या. पुन्हा चौथ्यापाशी दोर ढिला, पुन्हा हिसका, पुन्हा नाकातोंडात पाणी. ती काठाला आली तेव्हा ऊन चढायला लागलं होतं. वारा सुटला की पाण्यावर लाटा उठतात आणि खेळ संपतो. फार तर एक फेरी हाती होती. आपल्याला हे जमणारच नाही की काय, असं तिच्या मनात पहिल्यांदा आलं आणि तिला स्वतःचाच संताप आला.

"दाखव पायल, गुडघा कुठं चुकते ते."

पण उन्हात मोबाईलवर काही दिसेना. हाताचा आडोसा करूनही उपयोग नव्हता. पायलचा आवाज तेवढा येत होता. ती शूटिंग करताना फुगे मोजत होती. वैतागून शामलाने मोबाईल कानाला लावला. इंजिनची संथ घरघर. "एक," पायल म्हणाली. "दोन. तीन." आणि मग इंजिनचा आवाज खाली बसला. क्षणभरच. त्यानंतर पायलचं "आई गं!"

शामलाने तो तुकडा पुन्हा ऐकला. मग पहिल्या फेरीचा ऐकला. तिथेही तसंच. ती उठली आणि मोबाईल आनंदरावांच्या कानाला लावला.

बॉयलरच्या आवाजात जरासा फरक पडला तर हा माणूस ताटावरून उठतो. त्यांना दुसऱ्यांदा ऐकवावं लागलं नाही.

"तुमी इंजिन कमी करता जी," शामला म्हणाली.

"मी? मी काहून करू?" म्हणता म्हणता त्यांची नजर बोटीच्या वेगाचा दांडा धरणाऱ्या स्वतःच्या उजव्या हातावर गेली. "मी करत नाई वं शामला. हात करते. तू तिसऱ्यावरून वळली का आरशात दिसते, आन मले मागच्या सालचं आठवते. तू पाण्यात अशी उलटी पडून होती..."

शामलाचा राग मस्तकात गेला. वर्षभर तिने गुडघ्यांना दोष दिला होता, वयाला दिला होता, आणि चोर घरातच निघाला! पण त्यांचा उतरलेला चेहरा पाहून तिला रडूही यायला लागलं. यांतलं काहीच करायला वेळ नव्हता.

"पेचकस द्या," ती म्हणाली.

"बाबा, मी चालवू का बोट?" पायलने विचारलं.

"नाई. हेच चालवतीन." शामला बोटीत चढली आणि आरशाचे स्क्रू काढायला लागली. "तुमी वेगाच्या काट्याकडं पाहाचं आन समोर पाहाचं. बस. मी पडली तं आई वरडतीन."

"न पाहता ओढू तुले?"

"पाहून तं सालभर पाडून राहिले ना!"

इंदूबाई फस्सकन हसल्या. आनंदरावांना हसू आलं नाही. आरसा उतरला आणि काठावर पायलकडे डब्याशेजारी जाऊन बसला. नुसत्या काचेसमोर आनंदराव अवघडून बसले, दोन्ही हातांचे तळवे त्यांनी पँटला पुसले.

दोर ताणला गेला, शामला पाण्यातून वर आली. पहिला फुगा. दुसरा. वारा लागायला सुरुवात झाली होती, स्कीखाली पाणी खडबडत होतं. तिसऱ्यावरून वळताना तिला बोटीतली आनंदरावांची पाठ दिसली. मान ताठ, खांदे कानापर्यंत चढलेले. बघू नका, तिने मनातल्या मनात बजावलं. आता बघू नका.

दोर ढिला पडला नाही. इंजिनाने एकाच सुरात तिला खेचलं, लाटेपार नेलं, आणि चौथा फुगा तिच्या खांद्याजवळून मागे निघून गेला.

त्याच्यापुढचं पाणी तिने उभ्याने कधी पाहिलंच नव्हतं. पाचव्याला ती उशिरा पोचली, एक हात सुटला, स्की डुगडुगली. ज्या मांड्यांना तिने वर्षभर विनाकारण राबवलं होतं, त्याच आता कामाला आल्या. तिने दात ओठ खाऊन तोल धरला, हात पुन्हा दोरावर आणला आणि अंग झोकून दिलं. सहावा फुगा. वळसा. झालं!

इंदूबाईंना आता ओरडायचं होतं, पण त्यांना रडूच फुटलं. त्या लाइफ जॅकेटने डोळे पुसत राहिल्या. काठावर पायल डबा, आरसा टाकून नाचत होती, पण इंजिनच्या आवाजात तिचं कोणाला ऐकू जाणार? बोट शेवटच्या खुणेपार सरळ गेली, हळू झाली आणि थांबली. शामला दोर सोडून तिच्यामागे अलगद पाण्यात बसली.

आनंदरावांनी इंजिन बंद केलं. सगळीकडे एकदम सामसूम झाली. आईचं मुसमुसणं तेवढं त्यांच्या कानावर पडत होतं आणि त्याचा अर्थ त्यांना लागत नव्हता. हात वेगाच्या दांड्यावर घट्ट, नजर समोरच्या रिकाम्या पाण्यावर.

"शामला," ते तसेच समोर बघत म्हणाले. "आता पाहू का वं?"

शामला पोहत शिडीशी आली. दम लागला होता, तोंडात पाणी होतं, आणि हसू काही केल्या आवरत नव्हतं.

"पाहा जी," ती म्हणाली. "सहाच्या सहा झाले. आन पुढच्या साली तो आरसा लावू नोका."