वस्तीमागचा त्रिशंकू

आमच्या गावात दक्षिणेकडं तोंड करून कुणी जेवत नाही, कुणी दार ठेवत नाही. यमाची दिशा. म्हणून तर गाव वसवणाऱ्यांनी आमची बौद्धवस्ती तिकडं ढकलली. त्यांना काय माहीत, वैशाखात आभाळातला त्रिशंकू बघायचा तर आमच्याच घरांमागून बघावा लागतो! गावातून बघाल तर शाळा, पाण्याची टाकी, लिंबाची झाडं आडवी. आमच्या मागं नुसतं उघडं रान.

हे माझ्या मनिषानं हेरलं. यंदा दहावी झाली. शाळेच्या शुभदा मॅडम म्हणाल्या, "उन्हाळी शिबिरात सगळ्या गावाला आभाळ तूच दाखव. अर्धं गाव एका रात्री, अर्धं दुसऱ्या रात्री." पोरीला एकच ध्यास लागला. "बाबा, लोक आपल्याकडं मतं मागायला येत्यात. एकदा नुसतंच यावं, आणि पुन्हा यावं."

"कुणी फिरकत न्हाई," मी म्हणलं.

पण लोक आले. किशनराव पाटील नातवंडं घेऊन आले, मॅडम त्यांच्या लेकीला, अर्पिताला घेऊन आल्या. मनिषानं हात वर केला.

"तो चार चांदण्यांचा वाकडा चौकोन दिसतो का? तो हस्त. तिथून सरळ खाली उतरा. अजून खाली. रानाला टेकायच्या आधी पतंगावानी दिसायलाय, तो त्रिशंकू. डावीकडचे दोन ठळक, ते मित्र आणि मित्रक."

"असा अधांतरी का गं लटकलाय?" किशनराव.

"स्वर्गात घेतलं न्हाई, काका. वरून ढकलून दिला."

"मंग ग्रामपंचायतीला उभा करू त्याला!"

सगळे हसले. माझ्या बायकोनं, गीताबाईनं, चहा दिला. मॅडम प्यायल्या. गावाला उठताबसता शिव्या घालणारा मी, वाटलं, खोटा ठरलो. बरं झालं.

लोक गेल्यावर दिसलं, अर्पिताची पाण्याची बाटली ओट्यावर राहिलीय. मी आणि मनिषा द्यायला निघालो.

गावच्या गल्लीत शिरलो तर दारोदार बादल्या. किशनरावांची नातवंडं कपड्यांसकट ओलीचिंब. बादलीत लिंबाचा पाला. मयतीहून आल्यावर करतात तसं. मला खरंच वाटलं, कुणीतरी वारलं.

"कोण गेलं ओ?" मी विचारलं.

किशनरावांनी तांब्या खाली ठेवला आणि घरात गेले. तेव्हा डोक्यात उजेड पडला. विटाळ आमचा होता.

मॅडमच्या अंगणात अर्पिता दगडावर बसलेली. केसांतून पाणी गळत होतं. आम्हाला बघून मॅडमचा तांब्या हवेतच राहिला.

"माझं काही नाही गं, मनिषा. सासूबाईंना पटत नाही, म्हणून..."

सासूबाई लेकीकडं राणीसावरगावला गेल्यात, हे चहा पिताना मॅडमनीच सांगितलं होतं.

माझ्या तोंडात शिवी आली. मनिषानं माझं मनगट आवळलं आणि बाटली पुढं केली.

"मॅडम, ही पण विसळून घ्या. आमच्या ओट्यावर व्हती."

परत निघालो. वस्तीच्या तोंडाशी आभाळ पुन्हा उघडं झालं. त्रिशंकू उजवीकडं कलायला लागला होता.

"उद्याचं रद्द करू," मी म्हणलं. "मीच सांगतो गावात. अशा लोकांना कशाला दाखवायचं?"

"न्हाई बाबा. दाखवणार. फक्त बादली मी भरून ठेवणार. हितंच, सगळ्यांदेखत. ज्याला आंघोळ करायची त्यानं माझ्यासमोर करावी. घरी जाऊन चोरून न्हाई."

तिनं वाटेतल्या लिंबाची डहाळी ओरबाडली आणि काखेत मारून पुढं चालू लागली.